गांजाचा डॉक्टर, तारेचा इंजिनिअर

फर्स्ट इयरला अमली पदार्थांवर एक व्याख्यान असतंच. पाहुणे येतात, स्लाइड दाखवतात, टाळ्या होतात. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो. कॅनडात गांजा चालतो, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत चालतो, काही देशांत तर त्याच झाडाची शेती होते, कापड बनतं, विटा बनतात, मग आपल्याकडेच बंदी का? हॉल हसतो. वेळ संपलेली असते. प्रश्न तिथेच राहतो.

खरं तर प्रश्न वाईट नाही. फक्त तो हसण्यावारी जातो. आणि या प्रश्नाच्या अगदी मुळाशी गेलं तर तिथे एक माणूस भेटतो. तो डॉक्टर होता, केमिस्ट्रीचा प्रोफेसर होता आणि इंजिनिअरिंगची पदवी नसताना भारतातला पहिला तारांचा इंजिनिअर झाला. रविवारी आपण खंडाळ्याला राजमाची पॉइंटवर जातो आणि घाटाची वळणं बघत कणीस खातो. त्या घाटातून रेल्वे १८६३ साली गेली हे बहुतेकांना माहीत असतं. पण रेल्वेच्या आधी आठ वर्षं मुंबई-पुण्याच्या मध्ये विजेची तार पोहोचली होती. ती तार टाकवून घेणारा आणि गांजाला पाश्चात्य वैद्यकात नेणारा माणूस एकच. त्याचं नाव विल्यम ब्रुक ओशॉनेसी.

१८०९ च्या सुमारास आयर्लंडमधल्या लिमरिक गावी त्याचा जन्म झाला. शिक्षण एडिंबरोला. १८२९ मध्ये तो एम.डी. झाला, म्हणजे आपण ज्या वयात थर्ड इयरच्या केटी काढत असतो त्या वयात! लंडनला आला, पण तिथे डॉक्टरकी करायला वेगळा परवाना लागायचा. तो काही मिळाला नाही. मग पठ्ठ्याने विषं ओळखणं, रक्ताचं रासायनिक पृथक्करण करणं असली कामं सुरू केली.

१८३१ साली इंग्लंडमध्ये कॉलरा आला. डॉक्टर मंडळी रोग्याचं रक्त काढत होती, जुलाबाची औषधं देत होती, आणि माणसं मरत होती. बावीस वर्षांचा ओशॉनेसी सुंदरलँडला गेला, रोग्यांच्या रक्ताचे नमुने घेतले आणि चक्क मोजमाप केलं. रक्तातलं पाणी आणि क्षार भयंकर कमी झालेत, हे त्याला दिसलं. मग उपाय सरळ आहे, जे गेलंय ते परत भरा. हे त्याने लॅन्सेटमध्ये छापलं. १८३२ मध्ये थॉमस लट्टा नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने प्रत्यक्ष शिरेतून मिठाचं पाणी चढवलं आणि काही रोगी वाचले. आज मेसचं काही बाधलं की दवाखान्यात आपल्याला सलाईन लावतात, त्या बाटलीची सुरुवात इथे आहे. पण तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. कल्पना बाजूला पडली आणि ओशॉनेसीला लंडनमध्ये नोकरी मिळाली नाही ती नाहीच. १८३३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीत असिस्टंट सर्जन म्हणून भरती झाला आणि कलकत्त्याला आला.

१८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि ओशॉनेसी तिथे केमिस्ट्री शिकवायला लागला. कलकत्त्यात आल्यावर त्याने पाहिलं, की इथे एक झाड आहे ज्याच्याबद्दल प्रत्येकाचं काहीतरी मत आहे. वैद्य त्याचं औषध करतात, हकीम करतात, बैरागी चिलमीत ओढतात, सणासुदीला पानं वाटून पितात. कुणी म्हणतं शंकराचा प्रसाद, कुणी म्हणतं वेडाचं मूळ. मतं भरपूर, पण मोजमाप कुणाचंच नाही.

इथे थोडं थांबून नावांचा घोळ सोडवू. इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या तीन वेगवेगळ्या झाडांना हेंप हेच नाव दिलं. पहिलं सन हेंप म्हणजे आपला ताग किंवा बोरू. मावळातले शेतकरी भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून गाडतात तोच. त्याची पिवळी फुलं आपण पाहिलेली असतात. दुसरं डेक्कन हेंप म्हणजे अंबाडी. तिची भाजी मेसमध्ये मिळत नाही, पण गावाकडच्यांनी खाल्लेली असते, आणि तिच्या सालीचे दोर वळतात. या दोघांत नशा अजिबात नाही आणि कायद्याचाही काही संबंध नाही. तिसरं इंडियन हेंप, हीच भांग. तिच्या मादी झाडाचे राळेने चिकट झालेले शेंडे म्हणजे गांजा, नुसती राळ म्हणजे चरस आणि पानं म्हणजे भांग. हेच झाड युरोपात शेकडो वर्षं पिकत होतं. त्याच्या सालीच्या धाग्यापासून जहाजांचे दोर आणि शिडाचं कापड बनायचं. गंमत अशी, की युरोपातल्या झाडाला नशा जवळजवळ नव्हती. ओशॉनेसीने दोन्ही ताडून पाहिली आणि नोंद केली, की वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने झाड एकच आहे, फरक आहे तो राळेचा. ही साधी नोंद लक्षात ठेवा. पुढे सगळ्या जगाचे कायदे याच फरकावर उभे राहणार आहेत.

त्याने काम कसं केलं ते बघण्यासारखं आहे. आधी लिटरेचर सर्व्हे! संस्कृत आणि फारसी ग्रंथांत काय लिहिलंय ते त्याने पंडितांना आणि एका इराणी हकिमाला विचारून घेतलं. त्यात मधुसूदन गुप्ता हेही होते. १८३६ मध्ये मेडिकल कॉलेजात शवविच्छेदन करून ज्यांनी इतिहास घडवला तेच हे. म्हणजे इथल्या माणसांना याबद्दल काय माहीत आहे हे विचारण्यात साहेबाला कमीपणा वाटला नाही. मग जनावरांवर प्रयोग. कुत्री, मांजरं, डुकरं, गिधाडं, कावळे, मासे यांच्यावर परिणाम झाला. गाय, शेळी, मेंढी, हरीण या चरणाऱ्या प्राण्यांवर जवळजवळ काहीच झाला नाही. हे सगळं जर्नलमध्ये उतरवलं.

त्यानंतर माणसं. ६ नोव्हेंबर १८३८ या दिवशी दुपारी दोन वाजता त्याने संधिवाताच्या तीन रोग्यांना प्रत्येकी एक ग्रेन राळ दिली. ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. एकाची बडबड सुरू झाली, गाणी म्हणाला, जास्तीचं जेवण मागितलं आणि झोपला. रात्री आठला पाहतात तर तो बधिर पडलेला. त्याचा हात वर करून ठेवला तर तसाच राहायचा, जणू मेणाचा पुतळा. तिसऱ्यावर काहीच परिणाम नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की तो आधीपासूनच चिलीम ओढणारा होता. एकच डोस, तीन माणसं, तीन रीडिंग! ओशॉनेसीने लगेच पुढच्यांचा डोस कमी केला.

कॉलेजमधल्या काही विद्यार्थ्यांनीही स्वतःवर प्रयोग करून पाहिले. त्यातला एक शांत, सज्जन मुलगा काही तास स्वतःला राजा समजून दरबाऱ्यांना हुकूम सोडत बसला होता. वाचताना हसू येतं. पण त्याच निबंधात ओशॉनेसीने हेही लिहून ठेवलंय, की सतत सेवन करणाऱ्यांना एक विशिष्ट प्रकारचा भ्रम होतो. मजेची नोंद केली तशी धोक्याचीही केली.

धनुर्वातात त्याला चांगला गुण दिसला, झटके आटोक्यात येऊन बरेच रोगी वाचले. पिसाळलेलं कुत्रं चावलेला एक रोगी मात्र वाचला नाही. तो मेला हे त्याने लपवलं नाही. शेवटच्या तासांत त्याला पाणी गिळता आलं, तडफड कमी झाली, एवढंच म्हटलं. आणि मग चाळीस दिवसांची एक तान्ही मुलगी त्याच्याकडे आली. आकडीवर आकडी येत होती, बाकी औषधं थकली होती. त्याने थेंबाथेंबाने भांगेच्या राळेचा अर्क दिला. आकड्या थांबल्या, मूल वाचलं.

त्याचा हा निबंध १८३९ मध्ये वाचला गेला. पुढे सुट्टीवर इंग्लंडला जाताना त्याने माल बरोबर नेला आणि पीटर स्क्वायर या औषधवाल्याने त्याचा अर्क तयार केला. १८४३ मध्ये ओशॉनेसी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पुढची पन्नास-साठ वर्षं इंग्लंड-अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानांत इंडियन हेंपची बाटली असायची.

आता इथपर्यंत कुणाचंही आयुष्य पुरेसं झालं असतं. पण १८३९ मध्येच, म्हणजे गांजाच्या निबंधाच्याच वर्षी, हा माणूस कलकत्त्याजवळ बांबूंवर वीसएक मैल तार टांगून तिच्यातून वीज सोडत होता. थोडी तार त्याने नदीच्या पाण्यातूनही नेली. सुरुवातीच्या प्रयोगात संदेश म्हणजे काय, तर पलीकडच्या माणसाच्या बोटांना बसणारा हलका झटका! कंपनी सरकारने त्या वेळी लक्ष दिलं नाही. दहा वर्षं फाइल पडून राहिली. तो टांकसाळीत नोकरी करत राहिला.

मग डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि त्याला तारेचं महत्त्व कळलं. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन सुरू झाली. डायमंड हार्बरहून पहिला संदेश पाठवला तो ओशॉनेसीच्या हाताखाली तयार झालेल्या शिवचंद्र नंदी यांनी. १८५२ मध्ये ब्रह्मदेशच्या लढाईची बातमी याच लाइनने कलकत्त्यात पोहोचली आणि डलहौसीची खात्री पटली. ओशॉनेसीला टेलिग्राफचा सुपरिंटेंडंट नेमण्यात आलं.

त्याची इंजिनिअरिंगची पद्धतही डॉक्टरकीसारखीच होती. विलायतेत बारीक तार वापरतात म्हणून इथेही तीच वापरायची, हे त्याने मानलं नाही. इथे वादळं आहेत, घारी आहेत, तारेवर लोंबकळणारी माकडं आहेत. खंडाळ्याला ज्याची चिप्सची पिशवी माकडाने पळवली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून त्याने सुरुवातीला जाड लोखंडी सळईच वापरली. तुटणार नाही, आणि खाली पडली तरी चालेल. संदेश वाचायचं यंत्र त्याने स्वतः डिझाइन केलं, इथल्या कारागिराला बनवता येईल असं, स्वस्त. पुढे मोर्सचं यंत्र आपल्या यंत्रापेक्षा चांगलं आहे हे दिसल्यावर आपलं बाजूला ठेवून त्याने मोर्सचं घेतलं. स्वतःच्या डिझाइनच्या इतक्या प्रेमात तो नव्हता.

नोव्हेंबर १८५३ मध्ये काम सुरू झालं. मार्च १८५४ मध्ये कलकत्ता ते आग्रा, ८०० मैल, पहिला संदेश गेला. आग्र्याहून लाइन मुंबईला आली आणि मुंबईहून पुणे, बेल्लारी, बंगळूर करत मद्रासला गेली. मुंबईहून पुण्याला यायचं म्हणजे सह्याद्री चढायचा. बोरघाटात गाडीरस्ता १८३० साली झाला होता. रेल्वे अजून नव्हती. पुणे ते खंडाळा आगगाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण घाटाचा टप्पा १८६३ पर्यंत पालखीने, तट्टावरून नाहीतर गाडीनेच पार करावा लागायचा. माणसाला घाट चढायला निम्मा दिवस लागत होता त्या काळात शब्द मात्र क्षणात चढून जायला लागला. १ फेब्रुवारी १८५५ पासून तार सर्वांसाठी खुली झाली. ४०० मैलांपर्यंत १६ शब्दांना एक रुपया. पंधरा महिन्यांत ३००० मैलांहून जास्त लाइन! आपल्याकडे वायफाय पहिल्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर यायला किती सेमिस्टर लागली ते आठवा.

अर्थात ही तार काही मावळातल्या माणसाच्या सोयीसाठी टाकलेली नव्हती. ती राज्य राखण्यासाठी होती. १८५७ च्या उठावात इंग्रजांना तिचा किती उपयोग झाला हे इतिहासात आहेच. ओशॉनेसीला त्याआधी, १८५६ मध्येच सर ही पदवी मिळाली. तो सरकारी नोकर होता, साम्राज्याचा माणूस होता. हे झाकून त्याचा मोठेपणा सांगायची गरज नाही.

१८६० नंतर तो भारतातून कायमचा गेला. नाव बदलून ब्रुक हे आडनाव घेतलं आणि जवळजवळ तीस वर्षं प्रसिद्धीपासून दूर राहिला. जानेवारी १८८९ मध्ये साउथसी इथे वारला.

माणूस गेला. पण त्याने जगापुढे ठेवलेल्या झाडाचं काय झालं?

चार वर्षांतच, १८९३ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये प्रश्न आला, की गांजा पिऊन हिंदुस्थानात लोक वेडे होताहेत. त्यावर सात जणांचा आयोग नेमला. इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी एकेक करून तपासल्या आणि बऱ्याच ठिकाणी गांजा हे कारण नुसतं अंदाजाने भरलेलं आहे हे शोधून काढलं. आपल्या मुंबई इलाख्यात तेव्हा गांजाची शेती मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, उघडपणे होत होती आणि सरकार त्यावर कर घेत होतं. १८९४ चा निष्कर्ष असा, की थोड्या प्रमाणातल्या सेवनाने सहसा फार अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. सरसकट बंदी नको, परवाना, कर आणि देखरेख ठेवा.

तरीही पुढे बंदी आलीच. त्याचं एक कारण ओशॉनेसीच्या पहिल्या प्रयोगातच होतं. एकच डोस, तीन रीडिंग. या अर्काची ताकद कधीच सारखी राहायची नाही. एका बाटलीने काही होईना आणि दुसरीने माणूस आडवा. मॉर्फिन पाण्यात विरघळतं, ते नव्या सुईतून टोचता यायला लागलं. भांगेची राळ पाण्यात विरघळत नाही. नेमका कोणता घटक काम करतो हे कुणालाच काढता येईना. ज्याचं मोजमाप होत नाही ते औषध डॉक्टर हळूहळू सोडतात. १९२५ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय करारात इंडियन हेंप आलं. १९३७ मध्ये अमेरिकेने इतका जाचक कर बसवला की धाग्यासाठी शेती करणाराही हैराण झाला. १९४२ मध्ये तिथल्या अधिकृत औषधसूचीतून ते निघालं. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने ते जगभर कडक नियंत्रणाखाली गेलं. पण त्याच करारात एक वाक्य आहे ज्याकडे फार कुणी बघत नाही. निव्वळ धागा आणि बी यांच्यासाठी होणाऱ्या शेतीला तो करार लागू नाही.

घटक सापडला तो १९६४ मध्ये, इस्रायलमध्ये. मेशुलम आणि गाओनी यांनी टीएचसी वेगळं काढून त्याची रचना मांडली. ओशॉनेसीच्या निबंधानंतर १२५ वर्षांनी! नशा याची. दुसरा घटक सीबीडी, त्याला तशी नशा नाही. आता राळेतला फरक आकड्यात सांगता येऊ लागला. १९७६ मध्ये कॅनडातले शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी वर्गीकरणासाठी एक रेघ मारली. वाळलेल्या शेंड्यात टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर धाग्याचं झाड, जास्त असेल तर नशेचं. निसर्गात अशी रेघ नाही. ती सोयीसाठी मारलेली आहे, आपल्या पासिंगच्या ४० मार्कांसारखी. पण पुढे तीच कायद्यात शिरली.

फ्रान्समध्ये ही शेती कधी थांबलीच नव्हती. चीन आज धाग्यात सगळ्यांच्या पुढे आहे. कॅनडाने १९९८ मध्ये परवाने सुरू केले. अमेरिकेने २०१८ च्या शेती कायद्यात ०.३ टक्क्यांची रेघ घेतली. युरोपीय संघाने आपली मर्यादा ०.२ वरून ०.३ केली ती २०२३ पासून. भारतात १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्याच्या १४ व्या कलमात धाग्यासाठी आणि बियांसाठी शेतीला सरकार परवानगी देऊ शकतं अशी तरतूद आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये असा परवाना पहिल्यांदा दिला, रेघ तीच, ०.३. हेंपच्या बियांना आणि त्यांच्या तेलाला खाद्यपदार्थ म्हणून २०२१ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिली. नशेच्या बाबतीत मात्र जगाचं अजून ठरलेलं नाही. थायलंडने २०२२ मध्ये सगळं मोकळं केलं आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीचं बंधन आणलं.

सिव्हिलवाल्यांसाठी एक गोष्ट. या झाडाचा धागा काढल्यावर आतला जो भुसा उरतो तो चुन्यात कालवून भिंती बनवतात. हलक्या, उष्णता अडवणाऱ्या, पण भार न घेणाऱ्या. परदेशात याला हेंपक्रीट म्हणतात आणि नवीन म्हणून विकतात. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले एक शास्त्रज्ञ आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी वेरूळच्या लेण्यांतला गिलावा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत आणि तिथलं किड्यांनी जास्त खाल्लं आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या गवंड्याला हे ठाऊक होतं.

आणि ती चाळीस दिवसांची मुलगी आठवते? जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लहान मुलांच्या दोन दुर्मिळ प्रकारच्या फिट्सवर सीबीडीपासून केलेल्या औषधाला मान्यता दिली. शुद्ध घटक, मोजलेला डोस, रीतसर चाचण्या. कलकत्त्यात थेंब मोजत बसलेल्या त्या डॉक्टरने जे पाहिलं होतं त्याला पुरावा मिळायला जवळजवळ १८० वर्षं लागली.

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे येऊ. परदेशात चालतं ते काय चालतं, हे आधी विचारायला हवं. धाग्याची शेती, सीबीडीचं औषध आणि चिलमीतला गांजा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन भारतातही परवान्याने आणि नियमाने होऊ शकतात, व्हायलाही हव्यात. डोंगरउताराच्या कमी पाण्याच्या शेतीत धाग्याचं पीक कुठे बसतं हे शोधणं हा कुणाचा तरी प्रोजेक्ट होऊ शकतो. पण तिसऱ्याचं काय, ते स्पष्ट सांगितलेलं बरं. एनडीपीएस कायद्यात एक किलोपर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यापेक्षा जास्त असेल तर दहा वर्षांपर्यंत. २० किलोंच्या वर तर किमान दहा आणि वीस वर्षांपर्यंत. परवान्याशिवाय गॅलरीतल्या कुंडीत रोप लावलं तरी ती लागवडच, आणि तिला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पानांची भांग केंद्राच्या व्याख्येतून सुटते, पण महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यातून सुटत नाही. कॅम्पस इंटरव्ह्यू, पासपोर्ट, सगळं एका पुडीपायी अडकू शकतं.

कायदा बाजूला ठेवला तरी आकडा उरतोच. पुडीतल्या मालात टीएचसी किती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकेत पकडलेल्या मालात ते १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के होतं, २०१४ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. आपल्या वयात नियमित सेवन आणि पुढचे मानसिक आजार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलेला आहे. ओशॉनेसीने एक ग्रेन वजन करून दिला, रात्रभर नाडी मोजली, तरी त्याचा अंदाज चुकला. आपल्या रूममध्ये कोण कुणाची नाडी मोजणार आहे?

या माणसाच्या आयुष्याकडे पाहताना मला एक गोष्ट सारखी जाणवते. कॉलरा असो, गांजा असो की तार, त्याने आधी मोजलं आणि मग मत दिलं. रोगी मेला तर मेला असं लिहिलं. दुसऱ्याचं यंत्र चांगलं निघालं तर आपलं बाजूला ठेवलं. आपण मात्र प्रॅक्टिकलला ग्राफ सरळ येत नाही म्हणून दोन रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतो. गांजाच्या प्रश्नावर शंभर वर्षं जगाने साधारण हेच केलं. उत्तर आधी ठरवलं आणि रीडिंग नंतर भरली. म्हणून धाग्याचा शेतकरी, आकडीचं बाळ आणि चिलमीवाला हे सगळे एकाच कॉलममध्ये गेले. आता कुठे ते वेगळे करायचं काम चाललंय.

जुलै २०१३ मध्ये भारतातली तार बंद झाली. ओशॉनेसीची तार घाटातून कधीच गेली. झाड मात्र अजून कोर्टात आहे. पुढच्या वर्षी व्याख्यानाला मागच्या बाकावरून तो प्रश्न आला, तर हसू नका. उत्तर द्या. आणि उत्तर देताना आधी विचारा, टक्के किती?